ठाणे-नवी मुंबईत सीलिॲकसाठी तज्ज्ञांचा गट: सुरुवात नोंदवहीपासून, रिपोर्टपासून की गिरणीपासून?

घोडबंदरकर | शनिवार, सकाळी १०:१२

मुलुंड चेकनाका ते पनवेल या पट्ट्यात सीलिॲकशी (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर बिघडतं तो आजार) रोज संबंध येणारी माणसं कमी नाहीत. पोटविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, बायोप्सी वाचणारे पॅथॉलॉजिस्ट, रक्ताच्या लॅब, आहारतज्ज्ञ, अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा, झालंच तर तुर्भ्याच्या दाणाबाजारातले व्यापारी. जो तो आपलं काम बऱ्यापैकी करतो. घोळ होतो तो एकाकडून दुसऱ्याकडे जाताना. टीटीजी (या आजाराची रक्तातली प्रतिपिंड चाचणी) वाढल्याचा रिपोर्ट येतो, फोनवरच कुणीतरी 'गहू बंद करा' सांगतं, एंडोस्कोपीची तारीख दोन महिन्यांनी मिळते. तोवर टीटीजी उतरू लागतो, आतडंही सावरू लागतं आणि बायोप्सीचा निकाल येतो 'निश्चित सांगता येत नाही'. मग पेशंटला परत गहू खायला लावा!

या सगळ्यांनी मिळून एक गट करायचं घाटतंय. पैसा आणि माणसं सध्या एकाच कामाला पुरतील. तीन सूचना आल्या आहेत: सगळ्यांची मिळून एक रुग्णनोंदवही, रक्त आणि बायोप्सीच्या रिपोर्टचा एकच नमुना, किंवा गिरणीतून दळून मिळणाऱ्या पिठांची तपासणी. आधी काय, आणि का?

('मला अमुक खाऊन बरं वाटलं' हे कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे कामाचं लिहा.)

सूक्ष्मदर्शी | सकाळी ११:०५

रिपोर्टचा नमुना. यात वाद कसला?

बायोप्सी अनिर्णित येण्याचं एक कारण तुम्ही दिलंच. बाकीची कारणं एंडोस्कोपीच्या खोलीत घडतात. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे आणि बल्बमधून (त्याचा जठरालगतचा भाग) एक-दोन, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. बाटलीत येतात दोन. हा आजार आतड्यात सलग पसरत नाही, ठिगळाठिगळाने असतो. दोन तुकड्यांत नेमका चांगला भाग आला की निदान हुकलं. चिमटा आत गेला की एका फेरीत एकच तुकडा घ्यायचा. दुसरा घेताना पहिला चेंगरतो. बल्बचे तुकडे वेगळ्या बाटलीत हवेत, कारण तिथे ब्रुनर ग्रंथींमुळे व्हिलाय (अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) मुळातच बुटके दिसतात. आणि तुकडा फिल्टर पेपरवर नीट पसरून ठेवला नाही तर मेणात तिरका बसतो, कापही तिरका जातो आणि चांगले उंच व्हिलाय काचेखाली सपाट दिसतात.

आता आमच्या बाजूचा दोष. रिपोर्टात नुसतं 'मार्श ३' (अस्तराच्या बिघाडाची श्रेणी) लिहून चालत नाही. ३ए, ३बी की ३सी ते हवं, शंभर अस्तरपेशींमागे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) किती ते हवं (२५ च्या वर गेले की वाढलेले), व्हिलसची उंची आणि क्रिप्टची (व्हिलायच्या बुडाशी असलेली खाच) खोली यांचं प्रमाण हवं, आणि काप उभा मिळाला होता की नाही हेही हवं. यातलं शेवटचं सहसा कुणी लिहीत नाही.

नुसते लिम्फोसाइट वाढलेले दिसले म्हणून सीलिॲक म्हणता येत नाही. हेलिकोबॅक्टरनेही वाढतात, वेदनाशामक गोळ्यांनीही. व्हिलाय सपाट झाले तरी आपल्याकडे जिआर्डिया आणि ट्रॉपिकल स्प्रू आधी डोक्यात यावे लागतात. रक्तदाबाच्या ओल्मेसार्टन गोळीनेही हुबेहूब असंच चित्र दिसू शकतं. फॉर्मवर टीटीजीचा आकडा नसेल तर आम्ही अंदाजपंचे लिहितो, हे मान्य करतो.

पावशेर | सकाळी ११:२०

गट म्हटला की आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग लोगो, मग लोगोतल्या गव्हाच्या ओंबीवर काट मारायची की फुली यावरून फूट. शुभेच्छा.

टीटीजी_टेबल | दुपारी १२:४८

सूक्ष्मदर्शींना अनुमोदन. रक्ताच्या रिपोर्टची तऱ्हाही फार वेगळी नाही.

'टीटीजी ८५' या आकड्याला एकट्याला काही अर्थ नाही. त्या किटची वरची मर्यादा ७ असेल तर तो बारापट झाला, २० असेल तर सव्वाचारपट. एस्पघान या युरोपातल्या बालपोटविकार संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांमध्ये टीटीजी-आयजीए (आयजीए प्रकारची टीटीजी प्रतिपिंडं) मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए (दुसरी प्रतिपिंड चाचणी) पॉझिटिव्ह आली, तर पालकांशी बोलून बायोप्सी टाळता येते. म्हणजे सगळा निर्णय त्या 'पटी'वर आहे आणि रिपोर्टात पट लिहिलेलीच नसते. एका लॅबच्या आकड्याला दुसऱ्या लॅबची मर्यादा लावली तर मूल उगाच एंडोस्कोपीला जाईल, नाहीतर उगाच जन्मभर पथ्यावर. तेव्हा आकडा, किटचं नाव, किटची मर्यादा आणि किती पट हे चारही एकाच ओळीत छापायचे.

दुसरं, एकूण आयजीए. सीलिॲक असलेल्या दर शंभरातल्या दोन-तीन जणांत आयजीए जवळपास नसतंच. त्यांची टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येणार, त्यात लॅबची चूक नाही. म्हणून पहिल्याच रक्तात एकूण आयजीए करायचं. ते फार कमी निघालं तर डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी (आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या).

तिसरी गोष्ट फुकट होण्यासारखी आहे. रक्त घेणाऱ्याने फॉर्मवर एक प्रश्न लिहायचा: 'गहू खाणं चालू आहे का? बंद असेल तर किती दिवस?' घोडबंदरकरांनी सांगितलेला अर्धा घोळ इथेच थांबतो.

खपली_प्रेमी | दुपारी १:३०

एवढा खटाटोप कशाला? हायब्रीड गहू सोडून खपली घ्या. आजोबांच्या काळात कुणाला होता हा आजार?

नाचणी_सत्त्व | दुपारी २:०२

खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सीलिॲकला चालत नाही. बन्सी, शरबती, सेंद्रिय, जात्यावर दळलेला, आंबवून केलेला पाव, यातलं काहीही चालत नाही. मधुमेहासाठी खपलीची पोळी कुणी सुचवली असेल तर तो वेगळा विषय.

आजोबांच्या काळात आजार होता, त्याला नाव नव्हतं. 'मूल अंगाला लागत नाही', 'संग्रहणी' म्हणून सोडून देत.

खपली_प्रेमी | दुपारी २:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुनी_पानं | दुपारी ४:३५

धागाकर्त्याच्या प्रश्नाला थोडा इतिहास जोडतो.

हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हावर संशय १९३० च्या दशकातच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि सीलिॲकच्या मुलांची तब्येत सुधारली. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. पण वॉर्डात बसून वाटलेल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत. पुरावा उभा राहिला तो व्हान डे कामर या जीवरसायनतज्ज्ञाकडे विष्ठेतली चरबी (आतडं बिघडलं की ती वाढते) मोजायची भरवशाची पद्धत होती म्हणून. डिके, व्हान डे कामर आणि वायर्स या तिघांनी मुलांना आज गहू, उद्या दुसरं धान्य असं देऊन रोजची चरबी मोजली. डिके यांचा प्रबंध १९५० चा. पुढे बर्मिंगहॅमच्या गटाने गव्हातला नेमका दोषी भाग ग्लुटेन असल्याचं दाखवलं. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये पॉली यांना शस्त्रक्रियेत मिळालेल्या तुकड्यांत आतड्याचं अस्तर बिघडलेलं दिसलं. एकाच खात्यातल्या माणसांकडून यातलं काही झालं नसतं.

अलीकडचं बघा. २०१३ मध्ये ७ देशांतल्या १६ डॉक्टरांनी मिळून नुसत्या शब्दांवर काम केलं, ते 'ऑस्लो व्याख्या' म्हणून ओळखलं जातं. 'टिपिकल', 'सायलेंट', 'लेटंट' हे शब्द जो तो आपल्या अर्थाने वापरत होता, ते टाळायला सांगितलं. टीटीजी_टेबल यांनी लिहिलेली दहापटीची वाट खरोखर चालते का, हे २१ देशांतल्या ३३ केंद्रांनी ७०७ मुलांवर तपासलं, आणि बायोप्सी स्थानिक पॅथॉलॉजिस्टशिवाय मध्यवर्ती पॅथॉलॉजिस्टनीही वाचल्या. या दोन्ही ठिकाणी आधी मोजपट्टी एक केली, माणसं मोजणं नंतर.

माझं मत रिपोर्टला.

कळवा_खाडी | सायंकाळी ६:१५

सगळेच रिपोर्टला मत देताय म्हणून विरोध नोंदवतो. नोंदवही आधी हवी.

२०१६ मध्ये भारतातला मोठा अभ्यास आला, २३,३३१ प्रौढांचा. उत्तरेत सीलिॲकचं प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. गंमत अशी की आजाराला लागणारे डीक्यू२/डीक्यू८ जनुक तिन्ही भागांत साधारण सारख्याच प्रमाणात सापडले, शंभरात तीस ते चाळीस. फरक होता गव्हात: उत्तरेत माणशी दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. आता सांगा, यात पश्चिम भारत कुठे आहे? नाहीच. कोकणपट्टीत तांदूळ, देशावर ज्वारी-बाजरी आणि ठाण्याच्या कुठल्याही सोसायटीत दोन्ही वेळा पोळी. दोन पिढ्यांत भाकरीवरून पोळीवर आलेली लोकसंख्या इथे आयती समोर आहे आणि आपण कापाच्या तिरकेपणावर चर्चा करतोय.

छेद_कुठे | सायंकाळी ६:४०

@कळवा_खाडी, प्रश्न उत्तम आहे, पण नोंदवहीतून त्याचं उत्तर निघत नाही. दवाखान्यात आलेल्यांची यादी हा अंश झाला. छेद कुठे आहे? ज्याच्या भागात चांगला पोटविकारतज्ज्ञ आहे तिथे जास्त रुग्ण सापडणार, एवढंच त्यातून कळेल. प्रमाण काढायचं तर लोकवस्तीतून नमुना निवडून सरसकट रक्त तपासावं लागतं. ते काम निराळं, खर्चही निराळा.

नोंदवहीचा उपयोग दुसऱ्याच गोष्टींना होतो: लक्षणं सुरू झाल्यापासून निदानाला किती महिने लागले, पथ्यावर वर्षभरात टीटीजी उतरला का, भावंडांची तपासणी झाली का. तेही चांगलंच आहे, पण तुम्ही म्हणताय ते नव्हे.

कळवा_खाडी | सायंकाळी ६:५८

मान्य. छेद नाही. पण तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींसाठीही नोंदवही लागेलच की.

पावशेर | सायंकाळी ७:०५

नोंदवहीचा नियम: पहिल्या महिन्यात साठ रकाने, दुसऱ्यात सहा भरलेले, तिसऱ्यात फाईल कुणाच्या लॅपटॉपवर आहे याचा शोध.

दाणाबाजार | रात्री ९:२०

डॉक्टर मंडळी आपसात भांडून दमली असतील तर जरा धान्याकडे या. निदान बरोबर झालं, पथ्य लिहून दिलं, माणूस ज्वारी-नाचणीवर आला आणि दळण टाकलं कोपऱ्यावरच्या गिरणीत. पुढे?

हिशोब मांडतो. ग्लुटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम. आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचीही तीच, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकांचीही तीच. ५ किलो ज्वारीच्या पिठात मिळून १०० मिलिग्रॅम ग्लुटेन चाललं. गव्हाच्या पिठात साधारण ९ टक्के ग्लुटेन धरलं तर १०० मिलिग्रॅम म्हणजे गव्हाचं पीठ फक्त सव्वा ग्रॅमच्या आत. चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही! आधीच्या माणसाच्या दळणाचं पाळूला (गिरणीच्या दगडाला), चाळणीला, पीठ पडतं त्या कापडी नळीला एवढं पीठ चिकटून राहात नाही असं कुणी छातीठोकपणे सांगेल का? ब्रशने झाडून ते जात नाही. पहिले दोन किलो दळून बाजूला काढले तर प्रमाण घटतं, हमी मिळत नाही.

दळायच्या आधीचंही बघा. गव्हाचा एक दाणा साधारण ३५-४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे सहा दाणे आले की मर्यादा ओलांडली. किलोत ज्वारीचे दाणे असतात तीस-पस्तीस हजार. गोणी आधी गव्हाची होती, फावडं एकच, काटा एकच. सहा दाणे कुठूनही येतात. त्यामुळे ज्वारी ताटात पसरून निवडायची, धुवायची, स्वच्छ चादरीवर वाळवायची (शेजारी कुणाचे गहू वाळत नाहीत ना ते बघून), आणि ज्या घरघंटीत कधीच गहू गेला नाही अशाच घरघंटीत दळायची. वापरलेली घरघंटी धुऊन-पुसून घेण्यात अर्थ नाही, आतली जागा हाताला लागत नाही.

मत: गिरणी.

कोकम_सरबत | रात्री ९:४४

@दाणाबाजार, सहा दाण्यांचा हिशोब वाचून दंडवत.

अवांतर: मग बाप्पा सुटले म्हणायचे. उकडीचा मोदक तांदळाचा.

नाचणी_सत्त्व | रात्री १०:०१

उकडीचा सुटला, पण पिठी घरी दळलेली किंवा ग्लुटेन-फ्री छापलेली असेल तरच. तळणीच्या मोदकाची पारी कणकेची, तो बाद. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तोही बाद.

विषय निघालाच आहे तर मराठी घरात हमखास हुकतं ते लिहिते. पोळी-पाव बंद करायला कुणी विसरत नाही. विसरतात हिंग. डबीतला बांधानी हिंग हा डिंक आणि पिठात कालवलेला असतो, ते पीठ बहुधा मैदा किंवा गहू, कधी तांदूळ. डबीवरचे घटक वाचा, किंवा खडा हिंग आणा. मग मेतकूट (डाळींबरोबर थोडे गहू भाजून घालतात), थालीपिठाची भाजणी (त्यातही गहू), सातूचं पीठ (गहू, जव, डाळं, घरोघरी वेगळं), कुरडया (गव्हाचा चीक), शेवया. ओट्स: त्यात गव्हासारखं ग्लुटेन नसलं तरी शेतापासून कारखान्यापर्यंत ते गहू-जवाबरोबर फिरतात, म्हणून 'ग्लुटेन-फ्री' छापलेलेच, आणि तेही तब्येत स्थिरावल्यावर. माल्ट शब्द दिसला की थांबा, दुधात घालायच्या पावडरींतला माल्ट बहुतेक जवाचा असतो. पण नाचणी माल्ट म्हणजे मोड आणलेली नाचणी, ती चालते. नावावरून घाबरून लोक चांगली गोष्ट सोडतात. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे 'भातच तर आहे' म्हणून चायनीज गाडीवरचा फ्राइड राइस खाल्ला तरी गहू पोटात गेला. बटाटेवडा बेसनाचा, पण कढई समोशाची.

उलट बाजूही सांगते. आपल्या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांतलं रोजचं जेवण, तांदळाची भाकरी, भात, मासळी, हे या पथ्याच्या किती जवळ आहे! महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं लिहून देण्याआधी घरात काय शिजतं ते विचारावं. त्या बिस्किटांत साखर-स्टार्च भरपूर, लोह आणि तंतू कमी.

आठ_छेपन्न_लोकल | रात्री १०:३०

हे जरा अति होत नाहीये का? एवढ्याशा हिंगाने काय होणार? पोट दुखत नाही म्हणजे चालतंय.

छेद_कुठे | रात्री १०:५२

पोट दुखणं हा निकष धरता येत नाही. कातासी यांच्या गटाने २००७ मध्ये इटलीत हे मोजून दाखवलं: पथ्यावर असलेल्या रुग्णांना ९० दिवस रोज कॅप्सूलमधून ०, १० किंवा ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं आणि आधी-नंतर बायोप्सी केल्या. ५० मिलिग्रॅमवर आतड्याचं अस्तर बिघडलं. दाणाबाजारांच्या हिशोबाने ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त पीठ. चिमूटभर.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. किलोला २० मिलिग्रॅमचं अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्लं तरी १० मिलिग्रॅमच पोटात जातं. म्हणजे मर्यादा पाळली तर निवांत जेवता येतं. हवेतून उडणाऱ्या पिठाला घाबरून घराबाहेर पडणं बंद करायची गरज नाही.

एलायझा_वाचक | रविवार, सकाळी ८:५०

गिरणीची तपासणी करायची असेल तर ती कशी फसते ते आधी ऐका, नाहीतर पैसे पाण्यात.

पहिला घोटाळा नमुन्याचा. ज्वारीत आलेला गव्हाचा दाणा पिठात सारखा पसरत नाही, एका ठिकाणी पुंजका होतो. डब्याच्या वरून चमचाभर पीठ उचललं तर निकाल शून्यही येईल, शंभरही येईल. डब्याच्या पाच-सहा जागांतून मिळून २०० ग्रॅम घ्या, बारीक दळून एकजीव करा आणि त्यातून चाचणीचा अंश उचला. आर५ सँडविच एलायझात (ग्लुटेन मोजायची नेहमीची चाचणी) प्रत्यक्ष वापरतात फक्त पाव ग्रॅम. दोनशे ग्रॅमचा न्याय त्या पाव ग्रॅमवर होतो.

दुसरा घोटाळा नाचणीचा. नाचणी आणि लालसर ज्वारीत टॅनिन, पॉलिफेनॉल असतात. ते ग्लुटेनला धरून ठेवतात, द्रावणात येऊ देत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. अशा नमुन्यातून ग्लुटेन द्रावणात उतरवताना स्किम्ड मिल्क पावडर घालतात, म्हणजे टॅनिन दुधाच्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. नाचणीचं पीठ देताना लॅबला 'नाचणी आहे' असं लिहून द्या. नुसतं 'पीठ' लिहिलं तर ते साध्या पद्धतीने करून मोकळे होतील.

तिसरा: सोया सॉस, बिअर असल्या आंबवलेल्या पदार्थांत ग्लुटेनचे तुकडे झालेले असतात. सँडविच पद्धतीला ते पकडता येत नाहीत, तिथे त्याच चाचणीचा दुसरा प्रकार, काँपिटिटिव्ह आर५, लागतो. आणि लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मान्यतेच्या यादीत 'ग्लुटेन' हा शब्द आणि तुमच्या पदार्थाचा गट आहे का ते बघा.

पावशेर | सकाळी ९:०५

पाव ग्रॅम! माझं नाव बदलायला हवं.

वरणभात | सकाळी ९:३०

गोळी कधी येणार ते सांगा, म्हणजे हा दाणे मोजायचा उद्योग संपेल.

जुनी_पानं | सकाळी १०:१०

@वरणभात, दिव्याची गाडी नाही, वेळापत्रकात लिहिलेली नाही. नेक्सव्हॅक्स२ ही लस २०१९ मध्ये थांबली. लाराझोटाइडची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये थांबवली. टीटीजी हे मूळ विकर (रक्तात मोजतात ती त्याविरुद्धची प्रतिपिंडं) रोखणाऱ्या झेडईडी१२२७ या औषधाचे दुसऱ्या टप्प्याचे निकाल २०२१ मध्ये आले: रुग्णांना ६ आठवडे रोज ३ ग्रॅम ग्लुटेन दिलं आणि औषध घेणाऱ्यांच्या आतड्याचं नुकसान कमी झालं. पण अशी औषधं पथ्याला जोड म्हणून बघितली जातात. त्यांनी पोळी परत मिळेल असं धरून चालू नका. पोरांना लहानपणी थोडं ग्लुटेन चाखवून आजार टाळता येतो का, तेही बघून झालं: युरोपात ९४४ बाळांना चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज १०० मिलिग्रॅम ग्लुटेन किंवा नुसतीच तशी दिसणारी पावडर दिली. २०१४ मध्ये निकाल आला, फरक नाही.

नाचणी_सत्त्व | सकाळी १०:४०

टीटीजी_टेबल यांनी गहू बंद केलेल्यांचा विषय काढलाय, त्याला जोडून. अशांना परत गहू देऊन तपासायचं तर दिवसाला किमान ३ ग्रॅम ग्लुटेन, किमान दोन आठवडे. सोसलं तर आठ आठवड्यांपर्यंत. एका मध्यम पोळीत (३० ग्रॅम कणीक) अडीच-तीन ग्रॅम असतं, म्हणजे रोज एक-दीड पोळी. 'परत गहू सुरू करा' एवढंच सांगितलं की लोक एकतर बिस्किटाचा तुकडा खातात, नाहीतर पहिल्या दिवशी सहा पोळ्या. आणि हे डॉक्टरांना विचारून. मूल वाढीच्या वयात असेल तर जास्तच.

आणखी एक चुकीची समजूत. एचएलए चाचणी (डीक्यू२/डीक्यू८ जनुकांची) पॉझिटिव्ह म्हणजे सीलिॲक नव्हे. वर कळवा_खाडींनी लिहिलंय तसं ते जनुक शंभरातल्या तीस-चाळीस जणांत असतं. ही चाचणी उपयोगी पडते ती निगेटिव्ह आल्यावर: डीक्यू२ नाही, डीक्यू८ही नाही, तर सीलिॲक जवळपास नाहीच.

कळवा_खाडी | दुपारी १२:२०

नोंदवहीचा हट्ट थोडा उतरवून लिहितो. पावशेर म्हणतात ते खरंय, साठ रकाने मरतात. दहा ठेवू: निदानाचं वय, पहिलं लक्षण, लक्षण ते निदान किती महिने, टीटीजी किती पट, एकूण आयजीए, मार्श, त्या वेळी गहू चालू होता का, सहा महिन्यांनी टीटीजी, बारा महिन्यांनी टीटीजी, पहिल्या नात्यातल्यांची (आई-वडील, भावंडं, मुलं) तपासणी झाली का. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, बी१२, थायरॉइड, हाडांची घनता हे डॉक्टर करतीलच, नोंदवहीत नको.

कागदपत्रं: प्रत्येक संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अनेक केंद्रांच्या कमी जोखमीच्या अभ्यासाला एकत्रित परीक्षणाची सोय आहे, ती वापरली तर महिने वाचतील. संमतीपत्र मराठीत आणि हिंदीतही. नाव-फोन मूळ दवाखान्यात, गटाकडे फक्त सांकेतिक क्रमांक.

सूक्ष्मदर्शी | दुपारी १२:४५

@कळवा_खाडी, तुमच्या दहापैकी टीटीजीची पट, एकूण आयजीए, मार्श आणि 'गहू चालू होता का' हे चार रकाने रिपोर्टचा नमुना एक झाल्याशिवाय भरताच येणार नाहीत. म्हणजे आपण एकाच बाजूला आहोत, तुम्ही फक्त मागच्या दाराने आलात.

कळवा_खाडी | दुपारी १२:५१

दार उघडंच होतं.

दाणाबाजार | दुपारी १:१५

आणि गिरणी? ती नेहमीप्रमाणे पुढच्या बैठकीत?

घोडबंदरकर | रात्री ८:३०

सगळं वाचलं. ठरवतो ते असं.

पहिलं काम रिपोर्ट. त्याला पैसे जवळपास लागतच नाहीत, म्हणून तिथून सुरुवात. रक्ताच्या फॉर्मवर गव्हाचा प्रश्न, रिपोर्टात टीटीजीचा आकडा-किट-मर्यादा-पट एका ओळीत, सोबत एकूण आयजीए. बायोप्सीच्या फॉर्मवर तीच ओळ उतरवायची, तुकडे किती आणि कुठून, बल्बची बाटली वेगळी. रिपोर्टात सूक्ष्मदर्शींची चारही मापं. सगळ्यात वर ठळक: 'एंडोस्कोपी होईपर्यंत गहू बंद करू नये.' दोन लॅब आणि तीन एंडोस्कोपी केंद्रं तयार झाली तरी तीन महिने चालवून बघू. कळवा_खाडींचे दहा रकाने त्यानंतर, परवानगीचा अर्ज मात्र आत्ताच.

राहिलेले पैसे गिरणीला. एका गिरणीत एक पाळू फक्त ज्वारी-नाचणी-तांदळाला ठेवून दर महिन्याला नमुना तपासायचा, एलायझा_वाचक सांगतात त्या पद्धतीने. शेजारच्या पाळूवर गहू असेल तर उडणाऱ्या पिठाचं काय, हे पहिल्या नमुन्यातच कळेल. गिरणीवाल्याला काय समजावायचं?

दाणाबाजार | रात्री ८:५५

ग्लुटेन, पीपीएम (किलोला किती मिलिग्रॅम) यातलं काही बोलू नका. 'एकादशीच्या राजगिऱ्यासारखं सोवळ्यात दळायचं' म्हणा, लगेच कळतं. पाळू नवीनच बसवा, जुनी टाकी लावून (दगडाला नव्याने खाचा पाडून) चालायची नाही. नळीचं कापड नवं, चाळणी नवी, झाडायचा ब्रशही त्याच पाळूचा, त्याला लाल दोरी बांधा. आणि पीठ न्यायला लोक घरून गव्हाच्या पिठाचा डबा आणतात. तो घ्यायचाच नाही. धुतलेला स्टीलचा डबा, तोही फक्त याच पिठाचा.

एलायझा_वाचक | रात्री ९:०२

लाल दोरी चाचणीच्या फॉर्मवरही लिहितो.